वाचकांचे प्रश्न : नाकाचं हाड बसलं, मन का बसत नाही?

पावसाळ्यात दुचाक्या घसरतात, दहीहंडीत कोपर लागतं, मैदानावर चेंडू उसळतो. या महिन्याच्या टपालात नाकाच्या हाडाबद्दलचीच पत्रं जास्त होती. गंमत म्हणजे 'हाड मोडलं, आता काय करू' असं विचारणारे थोडे आणि 'हाड बसवलं, पण समाधान नाही' म्हणणारे जास्त. उत्तरं आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिली आहेत.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी दुचाकी घसरून नाकाचं हाड मोडलं. आठव्या दिवशी भूल देऊन बसवलं. डॉक्टर म्हणतात, छान बसलंय. पण एक्स-रेत अजून फट दिसते, फोटोत नाक डावीकडे झुकलेलं वाटतं आणि रात्री उजवी नाकपुडी बंद होते. उपचार फसला म्हणायचा का? — एक वाचक, इचलकरंजी

तुमच्या एका पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

एक्स-रे आधी बाजूला ठेवा. नाकाची हाडं पातळ असतात. ती हातापायाच्या हाडासारखी हाडानंच सांधली जातात असं नाही. बऱ्याचदा मधे तंतुमय ऊती भरते. ती घट्ट असते, पण एक्स-रेत दिसत नाही, म्हणून फट वर्षानुवर्षं तशीच दिसू शकते. उलट न मोडलेल्या नाकातही हाडांचे नैसर्गिक सांधे आणि नसांच्या खाचा फटीसारख्या दिसतात. शिवाय नाकाचा खालचा दोन तृतीयांश भाग कूर्चेचा (हाडाहून मऊ, लवचीक ऊतीचा), आणि कूर्चा एक्स-रेत येतच नाही. नाक नीट बसलं की नाही हे बोटांनी, डोळ्यांनी आणि दुर्बिणीनं ठरतं. पुन्हा एक्स-रे काढायला कोणी सांगितलं, तर त्यानं उपचारात काय बदलणार आहे, एवढं विचारा.

आता फोटो. सेल्फीवर नाकाचा निवाडा करू नका. मोबाइल चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर असला की दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या मानानं नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पुढचा कॅमेरा कधी कधी आरशासारखं उलटं चित्र देतो, ते वेगळंच. दुसऱ्या कोणाला तरी दीड मीटरवर उभं करा, झूम वापरायला सांगा, उजेड खिडकीचा आणि समोरून हवा, केस मागे, चष्मा काढलेला. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान वर करून खालून असे चार फोटो काढा. मग ते अपघाताआधीच्या फोटोशेजारी ठेवा. लग्नाच्या अल्बममधले किंवा लायसन्सवरचे चालतील. आधार कार्डावरचा फोटो मात्र या कामाला आणू नका, त्यात कोणाचंच नाक धड दिसत नाही.

समोरून काढलेल्या फोटोवर एक दोरा ताणा. वरचं टोक दोन भुवयांच्या मधोमध, खालचं वरच्या ओठावरच्या खळीच्या मधोमध. नाक दोऱ्यापासून कुठे सुटतं ते पाहा. वरच्या तृतीयांशातच सुटत असेल तर हाड पूर्ण जागेवर आलेलं नाही. वर सरळ असून मधे किंवा शेंड्याकडे सुटत असेल तर हाडाचं काम ठीक झालंय, ओढ आतल्या पडद्याची, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीची आहे. आणि जुन्या फोटोतही दोरा तिथेच सुटत असेल, तर नाक आधीपासूनच तसं होतं. हे आम्हाला फार वेळा दिसतं. काटेकोर सरळ नाक फार थोड्यांचं असतं, पण ते आपण अपघातानंतर पहिल्यांदा निरखून बघतो.

तिसरी तक्रार श्वासाची, आणि आमच्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. दोन्ही नाकपुड्या आलटून पालटून काही तासांनी थोड्या चोंदणं हे नॉर्मल आहे. कुशीवर झोपलं की खालची बाजू चोंदते, तेही नॉर्मल. पण कोणत्याही कुशीवर झोपलात तरी उजवीच बंद राहत असेल तर घरी दोन गोष्टी करून बघा. डावी नाकपुडी बोटानं मिटा आणि उजव्या बाजूचा गाल, नाकाच्या कडेला लागून, बाहेर ओढा. श्वास एकदम मोकळा झाला तर अडथळा नाकपुडीच्या आतल्या अरुंद भागात आहे. नाही झाला, तर नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब एकदा घालून दहा मिनिटं थांबा. पूर्ण मोकळं झालं तर दोष सुजलेल्या मांसल भागाचा, म्हणजे बहुधा ॲलर्जीचा. थेंबांनीही फरक पडला नाही तर पडदा वाकडा असण्याची शक्यता जास्त. (हे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यांची सवय लागते आणि मग नाक त्यांच्यामुळेच चोंदतं.)

तर उपचार 'फसला' का? बाहेरून ढकलून हाड बसवल्यावर थोडीफार वक्रता राहण्याचं प्रमाण वैद्यकीय साहित्यात १४ ते ५० टक्के सांगितलं आहे. आकडा मोठा आहे आणि इतका पसरलेला आहे, कारण 'वक्रता' कोण मोजतं यावर तो ठरतो. डॉक्टर हाड बघतात, तुम्ही आरसा बघता. सर्वांत नेहमीचं कारण मात्र एकच : हाडाबरोबर पडदाही मोडलेला असतो आणि तो तसाच राहतो. तंबूचा मधला खांब वाकडा असेल तर कापड कितीही ताणा, तंबू कलतोच. दुर्बिणीतून पडदा तपासून घ्या. बाहेरच्या आकारासाठी लगेच काही करून घेऊ नका. नाक सहा महिने तरी निवू द्यावं, बारीक सूज तोवर उतरत असते.

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं छोटं रुग्णालय आहे. हाड बसवलेल्या रुग्णांना 'आता बरं ना?' विचारलं की सगळेच मान हलवतात. समाधान मोजायचं कसं? — एक डॉक्टर

प्लास्टर काढायच्या दिवशी तर विचारूच नका. त्या दिवशी नाक मोकळं झाल्याचाच आनंद एवढा असतो की शंभरातले शंभर समाधानी निघतील. तीन महिन्यांनी विचारा, जमल्यास सहा महिन्यांनी पुन्हा. प्रश्न हाड बसवणाऱ्यानं स्वतः विचारू नये. नर्सनं कागद द्यावा आणि रुग्णानं बाहेर बाकावर बसून भरावा. समोर बसलेल्या डॉक्टरला 'नाक वाकडंच राहिलं' असं तोंडावर सांगणारा रुग्ण आपल्याकडे विरळा.

श्वासासाठी 'नोज' नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचच प्रश्न आहेत : नाक चोंदणं, नाक बंद होणं, नाकानं श्वास घ्यायला त्रास, झोपेत त्रास, आणि श्रम करताना नाकातून पुरेशी हवा न मिळणं. मागच्या महिनाभरातला त्रास प्रत्येकी ० ते ४ असा नोंदवायचा आणि बेरजेला ५ नं गुणायचं. समजा रुग्णानं २, ३, २, १, २ असं लिहिलं, तर बेरीज १०, गुण ५०. शून्य म्हणजे काही त्रास नाही, १०० म्हणजे सर्वाधिक. २५ पर्यंत त्रास सौम्य धरतात, ३० ते ५० मध्यम, ५५ पासून पुढे तीव्र.

दिसण्यासाठी वेगळा कागद ठेवा आणि त्यात ० ते १० ची एक रेघ पुरते : 'नाक अपघाताआधी होतं तसं दिसतं का?' शब्द 'आधी होतं तसं' हेच हवेत. 'नाक आवडतं का' असं विचारलंत तर जन्मापासूनच्या तक्रारी त्यात येतील. दोन्ही गुण कधीही एकत्र करू नका. दिसण्याला ९ आणि श्वासाला ६५ देणारा रुग्ण सरासरीत हरवतो आणि त्याचा वाकडा पडदा कायमचा राहून जातो. हाड बसवण्याआधी चार फोटो आणि रुग्णाचा एक जुना फोटो फाइलला लावून ठेवलात तर पुढचे निम्मे वाद होणारच नाहीत.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला क्रिकेटचा चेंडू लागला. नाक सुजलं, घोळणा फुटला. डॉक्टरांनी आत बघितलं आणि 'चार दिवसांनी या' म्हणाले. हा हलगर्जीपणा नाही का? — एक आई, अहिल्यानगर

नाही. डॉक्टरांनी आत बघितलं हे तुम्ही लिहिलंय, आणि पहिल्या दिवशी नेमकं तेच महत्त्वाचं असतं. नाक सुजलं की हाड सरकलंय की नाही हे कळत नाही. सूज तीन ते पाच दिवसांत ओसरते, मग बोटांना कड लागते. मोठ्यांचं हाड सात ते दहा दिवसांत, फार तर चौदा दिवसांत बसवता येतं. मुलांची हाडं लवकर धरतात, म्हणून त्यांचं चार ते सात दिवसांत उरकावं लागतं. तेव्हा चौथा दिवस चुकवू नका, 'शाळेची परीक्षा आहे, सोमवारी नेऊ' असं करू नका.

पण एक गोष्ट चार दिवस थांबत नाही : नाकाच्या पडद्यात साठलेलं रक्त. पडद्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. आवरण आणि कूर्चा यांच्यात रक्त साठलं की पोषण तुटतं. तीन-चार दिवसांत कूर्चा मरायला लागते, त्यात पू झाला तर त्याहूनही लवकर. मग नाकाचा मधला भाग घोड्याच्या खोगिरासारखा खचतो. मुलांमध्ये हे जास्त घडतं, आणि वाढत्या वयात खचलेलं नाक पुढे नीट करणं फार अवघड.

घरी असं पाहा : मूल उजेडाकडे तोंड करून बसवा, नाकाचा शेंडा अंगठ्यानं हलकेच वर उचला आणि मोबाइलच्या टॉर्चनं दोन्ही नाकपुड्यांत बघा. मधली भिंत एरवी पातळ आणि गुलाबी असते. ती एका बाजूला किंवा दोन्हीकडे, पिकल्या जांभळासारखी, लालसर-निळी आणि फुगलेली दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. बाहेरच्या भिंतीवर गुलाबी मांसल फुगवटा दिसला तर घाबरू नका, तो सगळ्यांनाच असतो. रक्त पहिल्या दिवशी नसून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साठू शकतं, म्हणून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. दोन्ही बाजू वाढत्या चोंदणं, नाकाचा शेंडा दाबला की खूप दुखणं, ताप येणं, यातलं काहीही झालं तरी चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. उपचार छोटा आहे : भूल देऊन चीर, रक्त काढणं, पुन्हा साठू नये म्हणून पडद्यातून आरपार टाके किंवा पॅक (नाकात बसवायचा बोळा), आणि प्रतिजैविकं.

पुन्हा घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून दहा मिनिटं चिमटीत धरा. मधे सोडून बघायचं नाही. कांदा हुंगवून काही होत नाही, आणि आडवं झोपवलं तर रक्त पोटात जाऊन उलटी होते. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट थेंब गळत असतील, विशेषतः वाकल्यावर, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तशा वेळी नाक अजिबात शिंकरू देऊ नका आणि लगेच दाखवा.

प्रश्न : हाड बसवताना पूर्ण भूल घ्यावी की जागा बधिर करून? कशानं समाधान जास्त मिळतं? — वाचक, ठाणे

या बाबतीत तज्ज्ञांचं एकमत नाही. काही अभ्यासांत दोन्हींत फरक दिसला नाही. बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर पूर्ण भुलीचं पारडं थोडं जड दिसलं, दिसण्यातही आणि नंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्यातही. आमचं मत असं : हाड एकाच बाजूला सरकलेलं, पडदा सरळ आणि माणूस धीराचा असेल तर जागा बधिर करणं पुरतं, दोन तासांत घरी जाता येतं. मूल, दोन्ही बाजूंचा चुरा, पडद्याचा मोड किंवा आठ दिवस उलटून गेलेले असतील, तर पूर्ण भूल.

बधिर करताना आधी लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या वाती दोन्हीकडे दहा मिनिटं ठेवतात, मग नाकाच्या दोन्ही कडांना, मुळाशी आणि दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीशी बारीक सुईनं औषध देतात. इथे घाई झाली की रुग्ण दुखण्याची तक्रार घेऊन जातो. सुया झाल्यावर आणखी सात-आठ मिनिटं थांबायलाच हवं. मग एक चपटी पट्टी आत जाते. ती आधी नाकाच्या बाहेर धरून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर अंगठ्यानं पकडतात आणि त्याहून सेंटिमीटरभर कमीच आत घालतात, म्हणजे टोक कवटीच्या तळाला लागत नाही. खचलेली बाजू आतून बाहेर आणि पुढे उचलायची, त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फुगलेली बाजू दाबायची. अडकलेलं हाड आधी जरा चुकीच्याच दिशेला ढकलून सोडवावं लागतं. मग पडदा मधोमध आणतात. हाड जागेवर येताना 'कट्' असा आवाज होतो आणि तो रुग्णाला कवटीत घुमल्यासारखा ऐकू येतो. दुखत नाही, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस दचकून मान वळवतो आणि बसलेलं हाड पुन्हा हलतं. म्हणून डॉक्टरांनी आवाजाबद्दल सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा.

ओल्या फांदीसारखं अर्धवट मोडलेलं हाड मात्र कितीही नीट बसवलं तरी परत स्प्रिंगसारखं मागे जातं. नाक त्याच्या दांड्याच्या निम्म्या रुंदीहून जास्त सरकलं असेल तर पडदाही मोडलाय असं धरून चालावं. नुसत्या ढकलण्यानं ते राहील अशी खात्री कोणी देत असेल तर दुसरं मत घ्या.

प्रश्न : चौथ्या दिवशी प्लास्टर सैल झालं. सूज उतरली म्हणून असेल का? चष्मा, हेल्मेट, कपालभाती कधीपासून? — वाचक, नाशिक

हो, सूज उतरल्यामुळेच. घरी चिकटपट्टी लावून दाबू नका. वाकडं चिकटलेलं प्लास्टर नाकाला वाकडंच धरून ठेवतं. दाखवा, पाच मिनिटांत नवं बसतं. प्लास्टर साधारण सात दिवस. आत पॅक असेल तर तो एक-दोन दिवसांनी काढतात, आणि सगळ्या उपचारात लोकांना तोच नकोसा वाटतो. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घ्या. पॅक स्पंजाचा असेल तर काढण्याआधी त्यात सलाइन सोडून दहा मिनिटं थांबायला सांगा. भिजला की अलगद निघतो.

चष्म्याचं वजन चार ते सहा आठवडे दांड्यावर पडू देऊ नका. फ्रेमच्या मधल्या पुलाला पट्टी लावून ती कपाळाला चिकटवायची, दिसायला विचित्र, पण काम चोख. पूर्ण तोंडाचं हेल्मेट घालता-काढताना नाकाला घासतं, त्यामुळे तेवढे आठवडे दुचाकीच टाळलेली बरी. हेल्मेटशिवाय जाणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कबड्डी, बॉक्सिंग, क्रिकेटची कीपिंग सहा आठवडे बंद. कपालभाती आणि भस्त्रिकेत नाकातून जोरानं झटका बसतो, जलनेतीत पाण्याचा दाब. तीनही नाक शिंकरण्याइतकेच वाईट, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका. दोन उशा घेऊन झोपा. गळ्यातून घालायचे घट्ट टी-शर्ट नकोत, बटणांचे शर्ट वापरा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दहीहंडीत नाक मोडलं, तेव्हा काही केलं नाही. आता बसवता येईल का? विमा मिळेल का? — वाचक, लालबाग

ढकलून नाही. हाड धरून बसलंय, आता ते छिन्नीनं नव्याने कापून सरळ करावं लागतं आणि पडदाही त्याच वेळी दुरुस्त होतो. पूर्ण भूल, दोन-तीन तास, आठवडाभर प्लास्टर, आणि अंतिम आकार वर्षभरानं. या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना एकच वाक्य लिहून द्या : 'मला सर्वांत जास्त त्रास अमुक गोष्टीचा होतो.' श्वास, कुबड की झुकाव? तिन्ही लिहिलेत तरी क्रम लावा.

विम्याच्या पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण अपघातानंतरची पुनर्रचना त्यातून सुटते. म्हणून केसपेपरवर 'अपघातानंतरची वक्रता आणि श्वासाला अडथळा' असं स्पष्ट हवं आणि अपघाताच्या वेळचा एखादा कागद सोबत हवा. नुसतं 'नाकाची प्लास्टिक सर्जरी' लिहिलेला दावा परत येतो. मंजुरी आधीच मागा.

प्रश्न : प्लास्टर निघून दहा दिवस झाले, पंधरा दिवसांनी लग्न आहे. नथ घालता येईल का? — वाचक, पुणे

नथ नाकपुडीच्या मऊ भागात असते, मोडलेलं हाड वर असतं. अडचण वजनाची आणि घालताना होणाऱ्या ओढाताणीची. टोचलेलं भोक असेल तर हलकी मोत्याची नथ आरशासमोर आधी एकदा घालून बघा, दुखलं नाही तर चालेल. चिमट्याची नथ घेऊ नका, ती मऊ भाग सतत दाबते. भारी नथ हवीच असेल तर केसांत अडकवायचा सर लावा, आणि मेकअप करणारीला सांगून ठेवा की नाक दाबून सरळ दाखवण्याचे प्रयोग नकोत. निळसर डाग एव्हाना गेलेले असतात.

प्रश्न : भांडणात एकानं नाकावर ठोसा मारला, हाड मोडलं. दवाखान्यात 'पडलो' म्हणून सांगितलं. आता तक्रार करायची आहे. — वाचक, सोलापूर

कागदावर 'पडलो' लिहिलं गेलं असेल तर ते आधी नीट करा. आजच शासकीय रुग्णालयात जाऊन मारहाणीची नोंद म्हणून तपासणी करून घ्या आणि आधी खरं का सांगितलं नाही तेही सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हाड मोडणं ही 'गंभीर दुखापत' आहे, आणि त्यात नाकाचं हाडही आलं. वर आम्ही एक्स-रेला नावं ठेवली, पण ती उपचारापुरती. इथे पुरावा लागतो आणि एक्स-रेतली रेघ नैसर्गिक सांधा आहे की मोड यावर वकील वाद घालू शकतात, म्हणून शक्यतो सीटी स्कॅन काढा. तोही लवकर. नाकातली फट जुनी की नवी हे पुढे सांगता येत नाही, पण फटीवर आलेली ताजी सूज स्कॅनमध्ये दिसते आणि ती आठवडाभरात निघून जाते.